भरावाची बाजू

नईम, मनामा
२८ एप्रिल २०२३

रावजीमामा, तुमच्या आणि मामीच्या पायांवर डोकं ठेवतो.

हे पत्र फारुखच्या हाती देतोय. फारुख म्हणजे माझ्या खोलीतला राजापूरचा टॅक्सीवाला. तो परवा गावी निघालाय, मुंबईत उतरल्यावर पोस्टात टाकेल. फोनच केला असता, पण फरशी कापायच्या मशीनने तुमचे कान कधीच नेले, आणि माझ्या बायकोला मध्ये घालून हे विचारण्यात अर्थ नाही. अश्विनी अर्धं तुम्हाला लिहून दाखवेल आणि अर्ध्याचं उत्तर स्वतःच देईल.

कामाचं विचारायचं आहे. इथल्या सनद भागात गुरुप्रसाद साहेब म्हणून पुण्याचे एक गृहस्थ राहतात, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. गेल्या वर्षी कंपनीतर्फे त्यांच्या व्हिलात फरश्या बदलल्या, तेव्हा त्यांनी माझा नंबर घेऊन ठेवला, आपला मराठी माणूस म्हणून. त्यांच्या सुयशचा आठवा वाढदिवस दोन जूनला आहे. त्याच्यासाठी मागच्या अंगणात पोहायचा तलाव उभा करायचाय. खणून बांधायचा नाही, खोक्यातून येतो आणि जमिनीवरच उभा राहतो. लोखंडी पाईपांचा गोल सांगाडा, आत जाड प्लास्टिक. पंधरा फूट रुंद, चार फूट उंच. वीस हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे वीस टन वजन. त्याखालची जमीन सपाट करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय.

तुम्ही दिलेला लेव्हलचा पाईप पाणी भरून लावून पाहिला. घराच्या बाजूपासून मागच्या भिंतीपर्यंत जमीन चांगली वीतभर उतरते. घराकडची बाजू इतकी टणक आहे की टिकाव उडून परत येतो. खोक्यात एक पुस्तिका होती, ती साहेबांनी मला वाचून दाखवली. त्यात लिहिलंय की उंच बाजू खोदून खालच्या बाजूएवढी करा, खालच्या बाजूला भराव घालू नका. पण खोदायचं तर ब्रेकर लावावा लागेल. मी जाणार शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, व्हिसा कंपनीचा, बाहेरचं काम करायची परवानगी नाही. ब्रेकरचा आवाज ऐकून कोणी येऊन कार्ड मागितलं तर खलास. भराव घातला तर आवाज नाही, गाजावाजा नाही.

त्यांच्याकडे शरीफुन्निसा नावाची कडप्प्याची बाई कामाला आहे. माझ्यापेक्षा तिलाच जास्त काळजी, कारण तिची कपड्यांची दोरी त्या मागच्या भिंतीला लागून आहे. तलाव आणि भिंत यांच्यात तिच्यासाठी तीन फूट वाट सोडणार आहे. चहा मात्र न मागता आणते.

खोदू की भरू, तेवढं कळवा. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा
दत्ताराम


खालचीवाडी, ता. मालवण
१० मे २०२३

दत्ताराम, तुला आणि तुझ्या त्या राजापूरकराला आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. चांगला सतरा वर्षं माझ्या हाताखाली तयार झालास आणि खोक्यातल्या पुस्तिकेला घाबरलास. ती लिहिणाऱ्याने जन्मात कधी खळं घातलं असेल का? भात झोडायचं खळं दर दिवाळीनंतर, बहारीनहून सुट्टीवर यायचो तेव्हाही, मी कसं करतो ते तू लहानपणापासून पाहतोयस. आपलं अंगणही उताराचंच आहे. उंच बाजू मी कधी खोदलेली नाही. खालच्या बाजूला माती घालायची, पाणी मारायचं, धुम्मस घेऊन चोपायचं, परत माती, परत पाणी. पंधरा माणसं त्यावर नाचली तरी सूतभर हलत नाही. वाडीतले लोक अजून आपलं खळं करायच्या आधी मला बोलावून उतार दाखवतात, ते उगाच नाही.

तेव्हा भर. भरावाला बागेची माती घेऊ नकोस, ती भुसभुशीत. सनदच्या पुढे तुबलीच्या खाडीकडे जा. तिथे मोकळ्या जागेत वर पांढरट थर आलेली माती असते. आम्ही जुफैरला कामाला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन बसायचो. शेगडीचे पाय रोवायला खड्डा करायला गेलो तर पहार वाकली होती, इतकी ती कडक. बहारीनमध्ये भरावाला तिच्यासारखी माती नाही. चार-चार बोटांचे थर घाल, चोप, आणि वर चाळलेली रेती पसर. चोवीस वर्षं मी त्या देशात काढली आहेत, हवेत बोलत नाही.

ब्रेकर लावू नकोस. तुझं कार्ड गेलं तर तुझ्या बायकोला मी तोंड कसं दाखवू.

तुझी मामी म्हणते की त्या चहावाल्या बाईला आपल्याकडची कोकमं पाठवूया. फारुख परत जाताना त्याच्या हाती हे पत्र आणि कोकमं देतो.

रावजी


नईम, मनामा
९ जून २०२३

मामा, नमस्कार.

तलाव उभा राहिला आणि वाढदिवसही झाला. तुमचं पत्र वीस मेला मिळालं. फारुखची टॅक्सी घेऊन गेलो आणि खाडीकडची माती पोत्यांतून आणली, एकोणीस खेपा झाल्या. तुम्ही म्हणालात तशीच निघाली, ढेकळं फोडताना हात भरून आले. सव्वीस-सत्तावीस मेला थर घालून चोपलं. साहेबांनी एकदा विचारलं की पुस्तिकेत तर भराव नको म्हटलंय. मी म्हटलं, आमच्या मामांनी उभ्या जन्मात हेच केलंय. त्यावर त्यांनी पुस्तिका मिटून ठेवली. त्यांच्या बायकोने, सुरेखावहिनींनी, निमंत्रणं आधीच दिली होती, त्यामुळे त्यांनाही घाई होती.

वाढदिवसाला मला मुद्दाम बोलावलं. सुयश आणि त्याची धाकटी बहीण सावनी पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत. मराठी त्यांना सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. मला दोघंही "डट्टा अंकल" म्हणतात. कोकमं शरीफुन्निसाला दिली, तिने दुसऱ्याच दिवशी डाळीत घातली म्हणे. तिची मुलगी तिकडे कडप्प्याला बारावीत आहे, तिचा फोटो दाखवला.

आता एक बारीकशी गोष्ट. आज गेलो तेव्हा पाण्याची रेषा पाहिली. घराच्या बाजूला काठापासून चार बोटं खाली आहे आणि भिंतीच्या बाजूला तीन. म्हणजे भरावाची बाजू एक बोट बसली. मुलं उड्या मारतात तेव्हा पाणी बाहेर सांडतं ते उताराने त्याच बाजूला जातं. शरीफुन्निसा कपडे वाळत घालताना मला म्हणाली, "भैया, पानी मेरी तरफ झुकता है. मेरे को डर लगता."

एका बोटाचं काही नसेल, पण माझ्या मनाला लागून राहिलंय. साहेबांना सांगून पाणी काढायला लावू का? मुलं हिरमुसतील, आणि परत भरायला दीड दिवस जातो. तुम्ही काय म्हणता ते कळेपर्यंत दर शुक्रवारी जाऊन बघत राहीन.

दत्ताराम


खालचीवाडी
२० जून २०२३

दत्ताराम,

शाबास. एकोणीस खेपा वाचून तुझ्या मामीने तुझी दृष्ट काढली, फोटोची.

एका बोटासाठी वीस टन पाणी ओतून देणार होतास? अरे, भराव म्हटला की बसतोच. माणूससुद्धा नव्या खुर्चीत बसला की जरा हलून नीट बसतो. बसलेला भराव आणखी पक्का होतो, हे तुला नव्याने सांगायला नको. एक बोट बसला, आता जागचा हलणार नाही. पाणी काढू नकोस आणि साहेबाच्या मनात नसता किडा सोडू नकोस. कारागिराने एकदा शंका बोलून दाखवली की गिऱ्हाईक जन्मभर त्याच्या कामात खोट शोधतं.

आणि त्या बाईला सांग, पाणी झुकत नसतं, बघणारा झुकतो.

वाडीत सगळ्यांना सांगितलंय की आपल्या खळ्याच्या रीतीने दत्तारामने बहारीनमध्ये तलाव उभा केला. शाळेतल्या गुरुजींनी तर दोनदा वाचून घेतलं तुझं पत्र. हे पत्र फारुखच्या चुलतभावाबरोबर विमानानेच पाठवतोय, म्हणजे तुझा जीव लवकर भांड्यात पडेल.

रावजी


मनामा
४ ऑगस्ट २०२३

मामा, नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफ करा. कामाचा ताण होता आणि उन्हाळा फार आहे.

तलावाचं सगळं ठीक आहे. पाण्याची रेषा चारी बाजूंनी सारखी आहे, एका सुताचाही फरक नाही. साहेब खूश आहेत. मुलं पोहतात.

तुम्ही तब्येतीला जपा. पावसात माळ्यावर चढू नका.

दत्ताराम


खालचीवाडी
१९ ऑगस्ट २०२३

दत्ताराम,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. मी ते आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

नऊ जूनला तू लिहिलंस की भरावाची बाजू एक बोट बसली. चार ऑगस्टला लिहितोस की एका सुताचाही फरक नाही. बसलेला भराव परत वर येत नाही. माझ्या वेळी कधी आला नाही, माझ्या बापाच्याही वेळी आला नव्हता. तू पाणी काढून नव्याने भराव घातला असतास तर त्याची चार पानं लिहिली असतीस, किती पोती, किती थर, कोण काय म्हणालं. तसं काही लिहिलेलं नाही. म्हणजे हे तू पाण्याकडे बघून लिहिलेलं नाहीस.

आणखी एक. दोन पत्रांत त्या चहा आणणाऱ्या बाईबद्दल लिहिलंस, तिच्या दोरीबद्दल, मुलीबद्दल. या पत्रात ती कुठेच नाही.

घरात महिनाभर काहीतरी चाललंय. अश्विनीचा फोन वाजला की ती पडवी सोडून विहिरीकडे जाते. परवा तिचे डोळे सुजलेले होते. तुझ्या मामीला विचारलं तर तिने तोंड फिरवलं आणि वर पाटीवर लिहून दाखवलं, "तुमका कित्याक व्हयी ती उठाठेव." मी ऐकू शकत नाही. बघू शकतो.

तलाव कुठल्या बाजूला गेला आणि तिथे कोण होतं, एवढ्या दोनच गोष्टी लिही.

रावजी


नईम, मनामा
८ सप्टेंबर २०२३

मामा,

भिंतीच्या बाजूला गेला. तिथे शरीफुन्निसा होती. ती वारली.

सात जुलै, शुक्रवार, दुपारी चार वाजून गेले होते. मी नेहमीसारखा बघायला गेलो होतो. सुरेखावहिनींनी थालीपिठं केली म्हणून मुलांना नुकतंच आत बोलावलं होतं, ती दोघं ओल्या पायांनी पळत गेली. शरीफुन्निसा वाळलेले कपडे काढायला दोरीकडे गेली. मी घराच्या बाजूला नळाशी उभा होतो. कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी वळलो तर भिंतीकडचे पाईपाचे पाय एकामागून एक जमिनीत जात होते, आणि मग ती सगळी बाजू एकदम आडवी झाली. चार फूटच पाणी, पण सगळं त्या तीन फुटांच्या वाटेत गेलं. भिंत पडली नाही. भिंत पडली असती तर कदाचित ती वाचली असती. आम्ही तिला पाईपाखालून काढलं तेव्हा तिच्या हातात सुयशच्या शाळेचा शर्ट तसाच होता. ॲम्ब्युलन्स लवकर आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मला त्याच संध्याकाळी घेऊन गेले. अकरा दिवस आत होतो. मग फारुखने आणि इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी हमी दिली म्हणून सोडलं. पासपोर्ट पोलिसांकडे आहे, देश सोडायला बंदी आहे, कंपनीने कामावरून काढलं. केस कोर्टात आहे. गुरुप्रसाद साहेबांनी ती पुस्तिका पोलिसांना दिली आणि सांगितलं की भराव घालू नये हे मी याला वाचून दाखवलं होतं. ते खोटं बोलले नाहीत. तिला कडप्प्याला पाठवायचं सगळं त्यांनीच केलं, नवव्या दिवशी तिला विमानाने नेलं. आता ते घर सोडून गेलेत.

पोलिसांनी मला विचारलं, भराव घालायला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही, माझ्या मनाने घातला. तुमची पत्रं फारुखने त्याच्या गाडीत लपवून ठेवली होती.

अश्विनीला मी दुसऱ्या दिवशीच फोन केला. तिला, मामीला, वाडीतल्या सगळ्यांना मीच शपथ घातली की तुम्हाला कळू द्यायचं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही याचा आम्ही सगळ्यांनी मिळून फायदा घेतला. मला वाटलं, निदान एक माणूस तरी असा राहू दे ज्याला तो तलाव अजून उभा आहे असं वाटतंय. त्या एका सुताच्या ओळीसाठी मला माफ करा. ती लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तो तलाव खरोखर सरळ उभा होता.

दत्ताराम


खालचीवाडी
२५ सप्टेंबर २०२३

दत्ताराम,

ऐन चतुर्थीच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. गणपती बसवला, आरती केली. दीड दिवसांनी विसर्जन झाल्यावर घरातल्या सगळ्यांना पडवीत बसवलं आणि सांगितलं की मी बहिरा आहे, मेलेलो नाही. अश्विनी रडली. तिच्यावर माझा राग नाही, तुझ्यावरही नाही. राग कोणावर आहे ते खाली लिहितो.

मी एक करून पाहिलं. खाली खाडीकाठी जाऊन मिठागराच्या बांधाजवळची दोन घमेली माती आणली. ऊन नाही म्हणून चुलीपुढे पसरून चार दिवस सुकवली. वर मिठाचा पांढरा थर आला, अगदी तुबलीसारखा. मग मागच्या पडवीत दोन ओटे केले, एक आपल्या तांबड्या मातीचा, एक खाडीच्या. दोन्ही सारखे चोपले. खाडीचा ओटा जास्त कडक झाला, त्यावर पहारीचा नुसता ओरखडा उठला. दोन्हींवर पाण्याने भरलेला एकेक हंडा ठेवला आणि दोन्हींच्या बुडाशी तांब्या-तांब्याने पाणी सोडत बसलो. तुझ्या मामीला वाटलं मला वेड लागलं.

तांबड्या मातीवरचा हंडा तसाच उभा राहिला. खाडीच्या ओट्यावरचा जेवणाच्या वेळेपर्यंत एक बोट कलला. मी तो हलवला नाही. तू लिहिलं होतंस तेवढाच, एक बोट. चहाच्या वेळेला तो आडवा झाला आणि पाणी माझ्या पायांवरून गेलं. त्या मातीला मिठाने धरून ठेवलेलं असतं, मीठ विरघळलं की खाली काही उरत नाही.

चोवीस वर्षांत मी त्या देशात ती माती सुकलेलीच पाहिली. ओली कशी होते ते मला माहीत नव्हतं. माहीत नाही हे मी लिहिलं नाही. उलट पहार वाकल्याची गोष्ट लिहिली. फरशीवाला होतो मी तिथे, मातीला कधी हात लावला नव्हता, आणि तुला मातीचं सांगत बसलो. तू माझं ऐकलंस हा तुझा दोष नाही. माझं ऐकायची सवय तुला मीच लावली.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर मी माझं नाव, वय एकाहत्तर, पत्ता आणि सगळी हकीकत लिहून सही केली आहे. शाळेच्या गुरुजींची साक्षीदार म्हणून सही आहे. तो कागद आणि माझं दहा मेचं पत्र कोर्टात दे. माझी आण आहे तुला, लपवू नकोस.

आणि एक विचारतो. माझं वीस जूनचं पत्र तुला कधी मिळालं, ते तू लिहिलेलं नाहीस.

रावजी


नईम, मनामा
१७ नोव्हेंबर २०२३

मामा,

निकाल लागला. एक वर्ष, आणि मग परत पाठवणी. परवा रविवारी मला हजर व्हायचंय. अश्विनीला आज फोनवर सांगितलं, तुम्हाला आजच लिहितोय. या वेळी कोणाला आधी, कोणाला नंतर असं केलं नाही.

तुमचा कागद आणि पत्र वकिलांना दिलं. ते म्हणाले उपयोग नाही, तरी मी द्या म्हटलं. कोर्टातल्या दुभाष्याला मराठी येत नव्हतं. फारुखने उभं राहून त्याचं हिंदी केलं आणि दुभाष्याने अरबी. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, या माणसाने ती जागा पाहिली होती का. मी नाही म्हटलं. त्यांनी कागद परत दिले.

खरं सांगतो, फारुख तुमचं नाव वाचत होता तेव्हा मला हलकं वाटलं. सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही असं वाटलं. खोलीवर आल्यावर त्या हलकं वाटण्याची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. तुम्ही दुरून सांगितलंत. ढेकळं मी फोडली, रेषा मी पाहिली, आणि पुस्तिका माझ्यासमोर वाचली गेली होती.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर दीड महिना टाळलं. परत आत जाण्याआधी लिहून टाकतो.

तुमचं वीस जूनचं पत्र मला सोमवारी मिळालं, तीन जुलैला. त्या शुक्रवारी मी साहेबांना पाणी काढायला सांगणार होतो. तोपर्यंत रेषेतला फरक दीड बोट झाला होता. तुमचं पत्र वाचलं आणि नाही सांगितलं. शुक्रवारी गेलो तेव्हा शरीफुन्निसा चहा घेऊन आली आणि परत तेच म्हणाली, की तिकडे जायला भीती वाटते, कपडे नंतर काढते. मी तिला तुमचं वाक्य हिंदीत करून सांगितलं. पाणी झुकत नसतं, बघणारा झुकतो. ती हसली. कप माझ्या हातात दिला आणि कपडे काढायला गेली.

तुमचा लेव्हलचा पाईप फारुखबरोबर पाठवतोय. तो पोलिसांनी नेला नव्हता. आत पत्रं मिळतात म्हणे, फारुखच्या पत्त्यावर पाठवलंत तर तो भेटीला आणेल.

दत्ताराम


खालचीवाडी
५ डिसेंबर २०२३

बाळ दत्ताराम,

पत्र मिळालं. पाईप मिळाला. फारुख स्वतः घरी आला, जेवून गेला, तुझ्याबद्दल चांगलं बोलला असं अश्विनीने लिहून दाखवलं.

तू उत्तर लिहिलंस ते बरं केलंस. मी ते वाक्य लिहिताना एकटाच हसलो होतो. ते मला आठवतं. पत्रावर नीट बसलं म्हणून मुद्दाम वेगळ्या ओळीत घातलं होतं. आता सकाळी जाग आली की आधी तेच वाक्य येतं. ते घालवायला मला काही करता येत नाही आणि तू त्याच्यावर काही लिहू नकोस. न्यायाधीशाने बरोबर विचारलं. मी ती जागा पाहिली नव्हती.

त्या बाईच्या मुलीचा पत्ता फारुखकडून मागवला आहे. गुरुजी हिंदीत लिहून देतो म्हणाले. काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही. चार वेळा कागद पुढे घेतला आणि ठेवून दिला. पण लिहीन.

यंदा मी खळं घातलं नाही. भात अश्विनीने शेजारच्यांच्या खळ्यात नेऊन झोडलं. दिवाळीपासून वाडीतले लोक येतात, भाऊ, आमचा उतार बघायला चला म्हणतात. मी कानाकडे बोट दाखवतो. ऐकू आलं नाही असं समजून ते जातात.

पाईप धुऊन, गुंडाळून माजघरात तुझ्या खुंटीवर टांगला आहे. पुढच्या दिवाळीनंतर तू इथे असशील. खळं तू घाल, खोदायचं की भरायचं ते तुझं तू ठरव. मी पायरीवर बसून असेन आणि काही सांगणार नाही.

रावजीमामा